मोडीत की दुरुस्तीला?

लाकडी जहाज मोडीत काढायचं की दुरुस्त करायचं, हे ठरवायला हातोडी, टोचा, विजेरी आणि एक जुनं पोतं एवढं पुरतं. पोतं गुडघ्यांखाली घ्यायला. अर्धा वेळ जहाजाच्या पोटात रांगण्यातच जातो. मालक तोवर वर उभा राहून रंग दाखवत असतो. विम्यासाठी, कर्जासाठी, कधी भावाभावांच्या वाटणीसाठी मी कोकणातल्या बंदरांत गलबतं-मचवे तपासत आलो, आणि नवाकोरा रंग दिसला की माझा संशय वाढतोच. विजयदुर्गच्या खाडीवर ज्या मेस्त्रींच्या हाताखाली मी वाकस धरायला शिकलो, ते म्हणत, "पयलो पठाण बघ, रंग मगे बघ." पठाण म्हणजे तळाचा मुख्य वासा. जहाजाचं पोट रुंद, म्हणून पाणी त्याला जास्त उचलून धरतं. दोन्ही टोकं निमुळती, त्यांना तेवढा आधार मिळत नाही. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या जहाजाची टोकं झुकतात आणि मधला भाग वर येतो. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत दोरी ताणली की हे उघडं पडतं. वाकलेला पठाण सरळ करता येतो, पण खर्चाचा आकडा ऐकून बहुतेक मालक तिथेच उठतात.

मग हातोडी. निरोगी लाकूड खणकन बोलतं, कुजलेलं भद्द आवाज करतं. आवाज बिघडला की टोचा लावायचा. कुठे लावायचा तेही ठरलेलं: डोलकाठीच्या बुडाशी, डेकच्या कडेखाली, मागच्या कोपऱ्यांत. थोडक्यात, जिथे पावसाचं पाणी झिरपून बसतं तिथे. नवख्याला वाटतं, जहाज समुद्राच्या पाण्याने कुजतं. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे किडे असतात हे खरं, पण लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्यात फारशी वाढत नाही. तिला गोडं पाणी आणि कोंदट हवा लागते. म्हणून आमच्याकडे मृगाच्या आधी होड्या-मचवे खाडीच्या काठावर ओढून घेत आणि नारळाच्या झापांनी शाकारून टाकत. नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांच्यावर थेंब पडू देत नसत. ज्या घरात भांडणं लागली आणि एका पावसाळ्यात कुणी झापं घातली नाहीत, त्या घराचा मचवा पुढच्या वर्षी टोच्याने लोण्यासारखा लागतो.

तिसरी तपासणी खिळ्यांची. फळीवर खिळ्याच्या डोक्याखालून तांबडा ओघळ आला असेल तर आत खिळा झिजतो आहे आणि त्याच्याभोवतीचं लाकूडही मऊ पडतं आहे. इथे लाकडाची जात फार महत्त्वाची. युरोपातल्या ओक लाकडात एक आम्ल असतं, ते लोखंड खातं. सागात तेल असतं, ते लोखंडाला जपतं. ही गोष्ट मला मेस्त्रींनी सांगितली नव्हती, त्यांना ओक कुठून ठाऊक असणार? ती मी नंतर वाचली, आणि तिचा धडधडीत पुरावा इंग्लंडात पाहिला.

मुलगी न्यूकॅसलला असते. तिथून जवळच, ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूल नावाचं बंदर आहे. तिथल्या जुन्या गोदीत 'ट्रिंकोमाली' नावाची तीन डोलकाठ्यांची युद्धनौका उभी आहे. पाण्यावर तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये ही सगळ्यांत जुनी. ती मुंबईत बांधलेली आहे, १८१७ साली. खालच्या मजल्यावर तुळया इतक्या सखल की माझ्यासारख्या बुटक्यालाही मान वाकवावी लागली. तिथे मी सवयीने बोटाच्या पेराने तुळई ठोकली. मुलगी म्हणाली, "बाबा, इथे नको." पण आवाज आला तो खणखणीत.

हे जहाज आजवर कितीदा मोडीच्या उंबरठ्यावर जाऊन परत आलं, ते सांगण्यासारखं आहे. आधी जन्माची गोष्ट. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडला जहाजं पुरेनात आणि ओकही पुरेना. घाईने पाइनच्या लाकडाची फ्रिगेटं बांधली गेली. ती काही वर्षांतच कामातून गेली. मुंबईत मात्र गोदी तयार होती आणि मलबारच्या जंगलांतला सागवान समुद्रमार्गे येत होता. सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांनी ही गोदी उभी केली. मुंबईची पहिली सुकी गोदी १७५० ची, आणि ती आशियातली पहिली मानतात. लवजींच्या नातवाच्या, जमशेटजी बमनजींच्या हाताखाली १८१० मध्ये 'मिन्डेन' पाण्यात उतरली. ब्रिटिश बेटांबाहेर बांधलेली ती ब्रिटिश आरमाराची पहिली मोठी, युद्धरांगेतली नौका.

'ट्रिंकोमाली'चा हुकूम ऑक्टोबर १८१२ चा. नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले आणि त्याच डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला गाठून पाडाव केलं. (ती 'कॉन्स्टिट्यूशन' अजून बॉस्टनला तरंगते आहे, हेही या गोष्टीतलं एक गमतीदार कलम.) नकाशे पुन्हा पाठवावे लागले. त्यांत आराखडा होता तो मुळात एका फ्रेंच जहाजाचा, इंग्रजांनी १७८२ मध्ये पकडलेल्या 'हेबे'चा. म्हणजे फ्रेंच आकृती, इंग्रजी पैसा, मलबारी साग आणि पारशी मेस्त्री. पठाण घातला तो एप्रिल १८१६ मध्ये, आणि जमशेटजींच्या रिवाजाप्रमाणे त्यात एक चांदीचा खिळा ठोकला. आमच्याकडे पठाणाला नारळ फोडतात. चांदीचा खिळा ठोकायला कोकणातल्या कुठल्या शेटला परवडलं असतं, देव जाणे. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात गेलं. खर्च सुमारे तेवीस हजार पौंड.

आणि १८१९ मध्ये ते पोर्ट्समथला पोचलं तेव्हा युद्ध संपून चार वर्षं झाली होती. नेपोलियन सेंट हेलेनावर बसलेला. नव्याकोऱ्या जहाजाला कामच नव्हतं. डोलकाठ्या उतरवल्या, वर छप्पर घातलं आणि जहाज बाजूला बांधून ठेवलं, ते थेट १८४५ पर्यंत. पाव शतक! एखाद्याला यात वाया गेलेलं आयुष्य दिसेल. मला त्यात झापं दिसतात. कुणा तरी गोदी-अधिकाऱ्याने त्या पोराला वेळेवर शाकारून ठेवलं, म्हणून पुढचं सगळं घडलं.

हे मी आपल्या सोयीने बोलत नाही, याला दुसरा दाखला आहे. याच आराखड्यावर बांधलेली एक बहीण, 'युनिकॉर्न', १८२४ मध्ये इंग्लंडातच चॅटमला पाण्यात उतरली. तिला तर डोलकाठ्याही कधी चढल्या नाहीत. उतरली त्या काळातच वर छप्पर घातलं आणि तशीच ठेवून दिली. पुढे १८७३ मध्ये ती स्कॉटलंडातल्या डंडीला शिकाऊ खलाशांच्या कामासाठी नेली. ती आजही तिथे आहे, डोक्यावर ते छप्पर घेऊन. ती ओकची आहे, सागाची नाही. एकाच आराखड्याच्या कितीतरी बहिणी बांधल्या गेल्या. उरल्या त्या दोन, आणि दोघींनाही तारुण्यात छप्पर मिळालेलं.

१८४५ मध्ये 'ट्रिंकोमाली'च्या जुन्या तोफा काढून कमी पण मोठ्या तोफा बसवल्या, पाठीमागचा भाग नव्याने घडवला. मग तिने खरी नोकरी केली: आधी उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडिज, मग १८५२ पासून पाच वर्षं पॅसिफिक. उत्तर ध्रुवाकडे हरवलेल्या फ्रँकलिन या दर्यावर्दीचा शोध घ्यायला गेलेल्यांना रसद पोचवायलाही ती गेली. मुंबईचा साग बर्फाळ पाण्यात! पण आयुष्याचा हा भाग मला सर्वेक्षक म्हणून फारसा खुणावत नाही. चालत्या जहाजाची काळजी रोज घेतली जाते, शंभर-दोनशे हात त्याच्यावर राबतात. प्रश्न सुरू होतो तो वाफेची जहाजं आली, शिडं निरुपयोगी ठरली त्यानंतर.

तेव्हा हलकी कामं मिळाली. स्वयंसेवी नौसैनिकांना कवायत शिकवण्यासाठी तिला सरावाचं जहाज केलं. त्या नोकरीत १८६२ पासून पंधराएक वर्षं ती याच हार्टलपूलला होती. मग साउदॅम्प्टनला. अखेर १८९७ मध्ये मोडीवाल्याला विकली.

मोडीवाल्याच्या दारातून तिला परत आणणारा माणूस वेल्समधला एक श्रीमंत गृहस्थ, जॉफ्री व्हीटली कॉब. याची हौस मोठी चमत्कारिक. त्याने आधी नेल्सनचं एकेकाळचं जहाज 'फूद्रोयाँ' जर्मन मोडीवाल्यांकडून सोडवून आणलं होतं, वीस हजारांहून अधिक पौंड ओतून सजवलं होतं आणि बंदराबंदरांतून लोकांना दाखवत नेत होता. जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात ते फुटलं. त्याच्या लाकडाच्या आठवणवस्तू करून विकल्या गेल्या. दुसरा कुणी असता तर हात झटकले असते. कॉबने 'ट्रिंकोमाली' विकत घेतली, तिचंच नाव 'फूद्रोयाँ' ठेवलं आणि तिच्यावर मुलांना समुद्राचं शिक्षण देऊ लागला. जहाजाचं नाव बदलू नये असं आपले तांडेल सांगतात. या जहाजाने ते नाव नव्वदेक वर्षं वागवलं, तरी बुडालं नाही.

आता तिच्या मुंबईच्या भावंडांकडे पाहू. ही तुलना नसेल तर सगळं श्रेय सागाला देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. 'कॉर्नवॉलिस' १८१३ ची, चौऱ्याहत्तर तोफांची. तिच्यावर ऑगस्ट १८४२ मध्ये नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. ते युद्ध अफूचं, आणि त्या अफूतला मोठा वाटा माळव्याचा, मुंबईहून निघालेला. म्हणजे माल आणि जहाज दोन्ही इथलंच. पुढे तिला इंजिन बसवलं, मग शिअरनेसला नुसता धक्का म्हणून बांधून ठेवलं. धक्का म्हणून तिने जवळजवळ एक शतक काढलं आणि १९५७ मध्ये मोडली. 'वेलस्ली' १८१५ ची. ती १८३९ मध्ये कराची घ्यायला गेली होती. त्याच वर्षी मुंबईसमोर तिच्यावर ॲडमिरल मेटलंड वारला. वॉटर्लूनंतर नेपोलियन ज्याच्या जहाजावर शरण आला तो हा मेटलंड. त्याचं स्मारक आपल्या फोर्टातल्या सेंट थॉमस कथीड्रलमध्ये आहे. 'वेलस्ली' म्हातारपणी वाट चुकलेल्या पोरांसाठी सुधारशाळा झाली आणि सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बने टेम्स नदीत बुडाली. १२५ वर्षांचं शिडाचं जहाज, आणि मारलं विमानाने. वर काढल्यावर तिच्या लाकडातलं काही लंडनच्या न्यायालयाच्या दुरुस्तीला वापरलं गेलं. 'गँजेस' १८२१ ची. प्रशिक्षणाची नोकरी करून १९३० च्या सुमाराला मोडीत गेली. 'एशिया' १८२४ ची. नॅव्हरिनोच्या लढाईतलं सेनापतीचं जहाज, १९०८ मध्ये विकलं.

ही सगळी सागाची, सगळी वाडियांच्या गोदीतली, आणि सगळी विलक्षण टिकली. बॉम्ब पडला नसता तर 'वेलस्ली' आणखीही टिकली असती. पण बाकीच्यांचा शेवट बघा: कुजल्यामुळे कुणी मोडलं नाही. धक्क्याची गरज संपली, शाळा जमिनीवर गेली, तेव्हा मोडली. लाकूड शेवटपर्यंत तयार होतं, नोकरी संपली होती.

याच्या उलट घटना 'इम्प्लॅकेबल'ची. हे फ्रेंच ओकचं जहाज, १८०० सालचं, १८०५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी पकडलेलं. कॉबने तेही मिळवलं होतं, आणि १९३० नंतर ती दोघं, मुंबईची आणि फ्रेंच, पोर्ट्समथच्या बंदरात मुलांना शिकवत शेजारी उभी असत. दुसऱ्या महायुद्धात डागडुजी राहिली. युद्धानंतर तपासणी झाली आणि 'इम्प्लॅकेबल'चा दुरुस्तीखर्च निघाला अवाच्या सवा. इंग्लंडमध्ये तेव्हा रेशन चालू होतं, घरं बांधायला लाकूड नव्हतं. जहाजाला कोण देणार? २ डिसेंबर १९४९ ला ब्रिटिश आणि फ्रेंच दोन्ही निशाणं चढवून ते खोल समुद्रात नेलं आणि सुरुंग लावून बुडवलं. सागवानी शेजारीण तशीच उभी राहिली.

त्या निर्णयावर पुढे इंग्लंडात खूप हळहळ झाली. मी त्या जागी असतो तर काय लिहिलं असतं? बहुधा हेच, की दुरुस्त होईल, पण निम्म्याहून जास्त जहाज नवं होईल. आणि हे लिहिल्यावर कुठलाही खजिनदार काय करतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

१९८६ नंतर 'ट्रिंकोमाली'वरचं शिक्षणही थांबलं. पुढच्या वर्षी तिला एका मोठ्या तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणलं. हेच गाव का? तिथे नुकतंच 'वॉरियर' हे व्हिक्टोरियाच्या काळातलं लोखंडी जहाज दुरुस्त झालं होतं, त्यामुळे कसबी हात तयार होते. शिवाय गावाची स्वतःची जहाजबांधणी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडलेली. जुन्या गोदीला काही तरी काम हवंच होतं. जहाज त्या गावासाठी आलं, तसं गावही जहाजासाठी मोकळं होतं. १९९० ते २००१ अशी दुरुस्ती चालली, एक कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला, मधेच १९९२ मध्ये मूळचं नाव परत दिलं. निम्म्याहून अधिक लाकूड मुंबईचंच राहिलं. माझ्या धंद्यात ही मर्यादा मोठी मानतात: निम्म्याहून कमी जुनं उरलं तर दुरुस्ती कसली, ती नक्कल झाली. मुंबईत घातलेला साग, लोखंडी खिळ्यांसकट, पावणेदोनशे वर्षांनी ती परीक्षा पास झाला. सागाचं कौतुक करायचं ते इथे, मनापासून.

आणि आपण? कोकणात गलबतं, फतेमाऱ्या, पडाव शेकड्यांनी होते. मंगळुरी कौलं, मीठ, तांदूळ, नारळ, जळाऊ लाकूड वाहत होते. आधी आगबोटींनी उतारू नेले, मग इंजिनाच्या लाँचींनी माल, आणि उरलेलं ट्रकांनी. शिडाच्या गलबताला नोकरी राहिली नाही. वापरात नसलेल्यावर दर वर्षी झापांचा खर्च कोण करणार? दोन-तीन पावसाळे, की संपलं. मी लहान असताना खाडीच्या काठी म्हातारी गलबतं पेटवून देताना पाहिली आहेत. राख थंड झाली की मुलांनी खिळे वेचायचे. लोखंडाला भाव होता. त्यात कुणी दुष्ट नव्हतं. सांगाडा घरात ठेवायला नसतो, आणि खिळ्यांतून नव्या मचव्याची सुरुवात होत असे.

ज्यांच्याकडे पैसा आणि वजन होतं त्यांनी तरी काय केलं, हेही बघावं. मुंबईतली जुनी वाडिया गोदी नौदलाच्या आवारात आहे, ती कामात आहे म्हणून शाबूत आहे. पण त्याच बंदरात 'विक्रांत' ही विमानवाहू नौका संग्रहालय म्हणून उभी होती. तळ गळू लागला, २०१२ मध्ये तिथे जाणं बंद झालं, राज्य सरकार म्हणालं खर्च झेपत नाही, आणि २०१४ मध्ये ती साठेक कोटींना विकून मुंबईतच, दारूखान्याच्या जहाजतोडणी आवारात तोडली. तिच्या पोलादातून मोटारसायकली निघाल्या. त्या वेळी अनेकांनी मला विचारलं, ती वाचवता आली असती का. पोलादाचा मी जाणकार नाही. एवढंच सांगितलं, की लोक वर्षातून एकदा बघायला येतात, ती नोकरी नव्हे.

अलीकडे देवगडकडचा एक तरुण आला होता. त्याच्या आजोबांचा मचवा खाडीत पडून आहे, तो पर्यटकांसाठी चालता करायचा म्हणतो. फोनवर त्याने फोटो दाखवले. पैकी बरेचसे नाळेचे, कारण तीच छान दिसते. पठाणाचा एकही नव्हता. मी त्याला खर्चाचा आकडा सांगितला नाही. विचारलं, माणसं बसवायला मेरीटाईम बोर्डाचा परवाना मिळेल का, आणि जून ते सप्टेंबर धंदा बंद असताना तो ठेवणार कुठे. परवान्याचं चौकशी करून सांगतो म्हणाला. ठेवण्याचं त्याने मनात आणलं नव्हतं. तो म्हणाला, आजोबा झापं घालायचे, आता झापं विणणारं कुणी राहिलं नाही.

"मग पत्रे घाल," मी म्हटलं, "पण पहिली सर यायच्या आत. बाकीचं मी येऊन बघतो."